सात नंबरचे मफ

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. मुलीला नाही, भावाला नाही. चार वर्षं झाली, मी ती तोंडात धरून बसलोय — गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटणार नाही, आणि भेटलात तरी नजर चुकवायची वेळ माझ्यावर येणार नाही. एवढंच कारण असेल कदाचित.

तंजावुरात माझ्याबद्दल कोणालाही विचारा. नीटनेटका माणूस, म्हणतील. जरा किरकिरा, पण नीटनेटका. आमच्या इथल्या मराठी समाजाच्या कोणत्याही कार्यात पानं मांडायची असली की मला बोलावतात, कारण माझी पंगत दोरी धरल्यासारखी सरळ असते. बायको म्हणते, तुमच्या उशीलाही समोरून-मागून असतं. म्हणू दे. मला वस्तू रांगेत आवडतात, हे मी नाकारत नाही. नाकारून चालणारही नाही, कारण सगळं घडलं ते तिथूनच.

गावाबाहेर लष्करी विमानांचा तळ आहे. तिथली सगळीच कामं वर्दीतली माणसं करत नाहीत. धावपट्टी झाडायची, विमान ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा, विमानाला सुरू होण्यापुरती वीज पुरवणारी जनरेटरची ट्रॉली न्यायची — ही कामं एका ठेकेदार कंपनीकडे होती. आम्ही त्या कंपनीची माणसं. गळ्यात पास, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. ना वर्दी, ना पेन्शन. माझं पद सेफ्टी सुपरवायझरचं. म्हणजे एका पत्र्याच्या शेडची किल्ली माझ्याकडे, आणि त्या शेडमधले कानांचे मफ माझ्या ताब्यात.

मफ म्हणजे कानांवर घालायची जाड झापडं. हेडफोनसारखी दिसतात, फक्त त्यांतून गाणं येत नाही आणि बाहेरचा आवाज आत शिरत नाही. दहा जोड्या होत्या. त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने मीच नंबर घातले होते. कोणी कुठली जोडी किती वाजता नेली, कधी परत केली, त्याची नोंद एका रजिस्टरात व्हायची आणि पुढे नेणाऱ्याची सही. हे रजिस्टर माझा जीव की प्राण. एक ओळ रिकामी राहिलेली मला खपायची नाही.

सात नंबरची जोडी मानोजीची.

मानोजी आमच्यातलाच. आमची घरं एकाच गल्लीत होती, आजोबांच्या वेळेपासून येणं-जाणं. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणतो. त्याला तळावर मीच लावलं. त्याची ट्रॉली विमानाला जोडायची, केबल खोचायची आणि इंजिनाने जोर धरेपर्यंत तिथेच उभं राहायचं — हेच त्याचं काम. उभं राहणं. आवाज काय असतो तिथे, ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. छातीची हाडं हलतात एवढं सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. नाही — आधी पूजेचं सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला काही समजायचं नाही.

तुमच्याकडे शस्त्रं-हत्यारं दसऱ्याला पुजतात. आमच्याकडे आदल्या दिवशी, नवमीला. कारखाना असो, सरकारी कचेरी असो, रिक्षा स्टँड असो — ज्याचं जे हत्यार ते देवीपुढे मांडायचं. वह्या-पुस्तकंही मांडायची. चंदन, कुंकू, चुरमुरे, आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ. आणि एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी अभ्यास नाही म्हणून पोरं खूश असतात. गाडीला तेवढी सूट. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतली की ती मोकळी.

त्या वर्षी कंपनीचा मॅनेजर संध्याकाळी तिरुचीहून येणार होता. आमच्या शेडमधल्या पूजेचा फोटो काढून तो वर पाठवणार होता. मग काय विचारता. मी आदल्या दिवशीच पाने, पक्कड, केबली, टॉर्च सगळं पुसून घेतलं. लाल कपडा अंथरला. मधोमध रजिस्टर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मफ. प्रत्येक झापडाच्या मधोमध कुंकवाचा ठिपका, पट्टी लावून मोजल्यासारखा. दहाच्या दहा जोड्या मांडल्या. एखादी बाहेर ठेवावी असं मनात आलं का? आलं होतं. पण नऊ जोड्यांची रांग वाकडी दिसते.

पूजा दुपारी बाराच्या आत आटोपली. सुंडलाच्या पुड्या घेऊन सगळे घरी गेले. मी आणि मानोजी मागे राहिलो. दोनच्या सुमाराला निरोप आला की एका विमानाचं इंजिन तपासायचंय, ट्रॉली पाठवा, अर्ध्या तासाचं काम आहे. ट्रॉली मोकळी होती, लिंबू चिरडून उभी होती. मानोजीने शर्ट चढवला आणि देवीपुढे जरा घुटमळला.

"अण्णा, मफ घेऊं कीं?"

"उद्यां सकाळपर्यंत हात लावूं नको. देवीपुढें ठेवलेलें आहे."

"होय अण्णा, तें बरोबर," तो म्हणाला. वर स्वतःच्याच गालांवर हलकेच चापट मारून घेतली, भलतंच विचारलं म्हणून. मी वातीचा कापूस तोडला, दोन बोळे करून त्याच्या हातात दिले. त्याने ते कानांत घातले, वरून डोक्याला पंचा गुंडाळला आणि गेला. पंच्यामुळे लांबून कोणाला दिसलंही नसेल की आत मफ नाहीत.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट सांगण्याजोगी होती, नाही? श्रद्धाळू माणूस, देवीच्या धाकाने चुकला. लोकांनी हळहळून सोडून दिलं असतं. पण मी देवीच्या धाकाने बोललो नव्हतो. त्या क्षणी देवी माझ्या मनात कुठेच नव्हती. मी बघत होतो सातव्या जागेकडे — तिथे भोक पडलं असतं, कुंकवाचा ठिपका पुसटला असता, आणि संध्याकाळी फोटो निघायचा होता. मानोजी देवीला भ्याला. मी फोटोला भ्यालो, आणि देवीचं नाव पुढे केलं.

अर्ध्या तासाचं काम दीड तास चाललं. इंजिनात काहीतरी अडत होतं, ते पुन्हा पुन्हा पूर्ण जोरावर नेत होते. शेडच्या दारात उभं राहून मी ते ऐकत होतो — हो, ऐकत होतो. पाच मिनिटांचा रस्ता. सायकल दारात होती. गेलो का? नाही. दर वेळी आवाज चढायचा तेव्हा वाटायचं, आता हा शेवटचा.

मानोजी परत आला तो माझ्या ओठांकडे बघत. मी सुंडल घे म्हटलं, त्याने मान हलवली, पण त्याला ऐकू गेलं नव्हतं. कापूस काढला आणि बोट घालून कान हलवत राहिला. संध्याकाळी मॅनेजर आला. फोटो फार छान आला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, पुन्हा पूजा करायला मी शेड उघडली. मानोजी आला नव्हता. त्याची बायको गोमती त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. मी मॅनेजरला फोन केला. तो घाईत होता. त्याने एकच विचारलं — कालची नोंद रजिस्टरात आहे ना? मी म्हटलं, आहे.

नव्हती. कशी असेल? रजिस्टर दिवसभर पूजेत होतं.

आमच्याकडे पूजेतून वही उचलली की त्या दिवशी तिच्यात काहीतरी लिहायचंच, शुभ असतं. लहान मुलांना याच दिवशी पहिलं अक्षर गिरवायला लावतात. मी आरती केली, रजिस्टर उचललं, कुंकू झटकलं आणि पेन उघडलं. कालची तारीख घातली. वेळ दोन वाजून दहा मिनिटं. जोडी नंबर सात, दिली. आणि शेरा लिहिला — कामगाराने वापरली नाही, समज दिली. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात. पूजेनंतरची पहिली ओळ ती.

मॅनेजरने हे लिही म्हणून सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. ते शेवटचे शब्द माझ्या डोक्यातून आले, आणि लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. तीन दिवसांनी मानोजी आला तेव्हा मी त्याच्यापुढे पान धरलं आणि एक सही राहिलीय म्हटलं. त्याने न वाचता केली. माझ्यासमोर तो कधीच काही वाचत नसे.

कान थोडा सुधारला. पण आत आवाज राहिला. डॉक्टरांनी सांगितलं की हा बाहेरून कोणाला ऐकू येत नाही, यंत्रात दिसत नाही, आणि बहुतेक जाणार नाही. कुकरची शिटी लागावी आणि कोणी गॅस बंद करू नये, तसा आहे म्हणाला मानोजी. एकदा शेडमध्ये तो माझ्याजवळ आला, अगदी जवळ, आणि त्याने आपला कान माझ्या कानाला लावला. तसाच उभा राहिला. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

"ऐकूं येतें कीं, अण्णा?"

मी नाही म्हटलं. पण त्या दिवसापासून मला त्याची भीती वाटायला लागली. तो काही बोलत नव्हता, रागावत नव्हता. नुसता बघायचा. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबायचा आणि डोळे एका जागी लावायचा, आत काहीतरी ऐकत असल्यासारखा. मला वाटायचं, त्याला त्या आवाजात आता माझी ओळ ऐकू येईल.

वर्षभराने कंपनीने त्याचा पास नवा केला नाही. शिटीचे इशारे ऐकू येत नाहीत, म्हणाले. मग कोणीतरी त्याला सांगितलं की कामामुळे अपाय झाला तर भरपाई मागता येते, कानातल्या आवाजाचीही. त्याने कामगारांच्या कचेरीत अर्ज केला. त्याला पापनाशमला भावाच्या जागेत झेरॉक्सचं छोटं दुकान टाकायचं होतं. मशीन घेण्यापुरते मिळाले तरी पुष्कळ, म्हणायचा. बसून करायचं काम, फार बोलावं लागत नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला. बायकोने कॉफी दिली. मी मनात म्हणत होतो, आता विचारेल. मफ का नाही दिलेत, विचारेल. काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. त्याने कॉफी संपवली, डबरा, म्हणजे कॉफीची खोलगट वाटी, आणि पेला नीट एकात एक ठेवला.

"पूजेचें मी बोलत नाहीं, अण्णा. बोललों तर तुमची नोकरी जाईल. पुढल्या वर्षीं पूजाहि बंद करतील. देवीला मध्यें आणायचें नको."

मी काय म्हणालो? बरं, म्हणालो. एवढा एकच शब्द, बरं. आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. रजिस्टरात काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. ते त्याला सांगायला माझ्याकडे फाटकापर्यंतचा वेळ होता, रात्र होती, दुसऱ्या दिवशीचा बसमधला अर्धा तास होता. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो.

कामगारांच्या कचेरीतल्या साहेबाने रजिस्टर मागवलं होतं. पानं उलटत त्या तारखेवर आला आणि थांबला. पानाच्या कोपऱ्यात कुंकवाचा डाग होता, मी झटकूनही राहिलेला. तो तमिळ माणूस. त्याच्या टेबलावरच्या पंचिंग मशीनलाही गेल्या पूजेचं चंदन वाळून चिकटलेलं होतं. नवमीला दुपारी दोन वाजता पूजेतल्या वहीत कोणी लिहीत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याने डाग पाहिला, तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

पण त्याने मला नाही विचारलं. त्याने ती ओळ मोठ्याने वाचली, तिचा तमिळमध्ये अर्थ सांगितला — मफ दिले होते, याने वापरले नाहीत, समज दिली होती — आणि मानोजीला विचारलं, हे खरं आहे का?

मानोजीने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं, हे मला कळलं. एक शब्द पुरे होता — पूजा. तो शब्द त्याने उच्चारला असता तर साहेब पुढचं स्वतःच बोलला असता. तो त्या शब्दाची वाट बघत होता असं मला आजही वाटतं. मीही बोलू शकत होतो. मी खुर्चीच्या हाताकडे बघत बसलो.

अण्णांनी लिहिलंय ना, मानोजी तमिळमध्ये म्हणाला, मग ते बरोबरच असेल.

दिलेलं संरक्षण कामगाराने जाणूनबुजून वापरलं नाही तर भरपाई मिळत नाही. कायदाच तसा आहे. अर्ज नामंजूर झाला. परत येताना मानोजी दुसऱ्या बसने गेला.

आता तो पापनाशमजवळ एका भातगिरणीत पोती उचलतो. गिरणी चालू असते तोवर कानातला आवाज दबतो, म्हणून. त्या गिरणीच्या धडधडीने उरलेला कानही जाणार, हे समजायला सेफ्टी सुपरवायझर असावं लागत नाही. मागच्या महिन्यात एका लग्नात गोमती भेटली. हे घरी असले की मिक्सी लावून शेजारी बसतात, म्हणाली, रिकामी मिक्सी. दोन जळल्या. मानोजीही होता तिथे. मला बघून उठला, नेहमीसारखा वाकून नमस्कार केला, अण्णा म्हणाला. त्याने मला शिव्या द्याव्यात म्हणून मी दोन पंगती त्याच्या आसपास घोटाळलो. तो मी मांडलेल्या पानावर खाली मान घालून जेवला.

त्याच लग्नात एक ओळखीचे वकील होते. दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट आहे असं भासवून मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, नोंद करणाऱ्यानेच ती खोटी होती असं लिहून सही करून दिलं, तर प्रकरण पुन्हा उघडायला लावता येईल. एक पानाचं काम आहे. तमिळ किंवा इंग्रजीत चालेल.

मला दोन्ही भाषा उत्तम येतात. घरी आलो, टेबलावर कोरे कागद सरळ करून ठेवले, आणि हे लिहायला बसलो. सगळं लिहिलंय — कापूस, फोटो, दोन वाजून दहा मिनिटं. काही वगळलं नाही. फक्त मराठीत लिहिलंय, या लिपीत. ही मी पुण्याला सहा वर्षं नोकरीत होतो तेव्हा शिकलो. इथे आमच्या लोकांत ती वाचणारे चार जण उरले असतील. कचेरीतल्या साहेबाला ती येत नाही. मानोजी मराठी बोलतो, पण त्यालाही यातलं एक अक्षर लागत नाही, आणि पेन उघडण्याआधी मला हे ठाऊक होतं.